राजाचा टाक

आमच्या देव्हाऱ्यातल्या सगळ्या मेलेल्या माणसांचा चेहरा एकच होता. माझा पणजा, त्याचा बाप, आबांचा पोरवयात गेलेला भाऊ, सगळे बोटभर चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, सगळ्यांच्या हातात तलवार आणि सगळ्यांना सारख्याच मिशा. आमच्यात घरचं माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा टाक घडवून घेतात आणि देवांच्या ओळीत, खंडोबा-भवानीच्या शेजारी ठेवतात. सोनाराजवळ पुरुषांचा एक ठसा आणि बायांचा एक. ठशावर पत्रा ठेवायचा, वरून ठोकायचं, की झाला पूर्वज तयार. जन्मभर बैलांच्या शेपट्या पिळणारा माणूसही टाकावर तलवार धरून उभा. मी लहानपणी एकदा आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारलं होतं की ह्यातला तुमचा भाऊ कोणता. आबांनी डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कोनताबी धर. सारे आपलेच हायेत."

त्या ओळीत एकदा एक वेगळाच टाक येऊन बसला. गोल, रुपयाहून मोठा, जाड आणि पांढुरका. त्यावर एका माणसाचा चेहरा कोरलेला होता आणि तो माणूस आपल्याकडे न बघता एका बाजूला बघत होता. डोक्यावर मुकुट, नाक सरळ, मिशी नाही, ओठ घट्ट मिटलेले. मुकुटातले खडे वेगळे मोजता यावेत इतके स्पष्ट होते, कानाची पाळीसुद्धा दिसत होती. तो विलायतेचा राजा. पाठीमागच्या बाजूला एक सिंह कुठल्याशा दोन तोंडांच्या जनावरावर पाय देऊन उभा होता. पुढे मी चिखलीच्या शाळेत जन्मभर पोरं शिकवली, इतिहासाच्या पुस्तकांतून कितीतरी राजे पाहिले, पण माणसाच्या हाताने धातूवर इतकं बारीक काम करता येतं हे मी पहिल्यांदा त्या गोल तुकड्यावर पाहिलं.

तो टाक माझ्या बापाचा होता. निदान आबांचं म्हणणं तसं होतं.

माझा बाप श्रीपत चिखलीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला होता. तिथून तो लढाईवर गेला, मोटार हाकायला. तेव्हा मी अंगणात नुकती पळायला लागले होते. आबांशी भांडून गेला असं कोणी म्हणे, हौसेने गेला असं कोणी म्हणे. आबांना विचारलं की ते बैलांना पाणी दाखवायला उठून जात. सुरुवातीला कार्डं आली, मग ब्रह्मदेशाकडे धाडल्याचं कळलं आणि मग कार्डं बंद झाली. लढाई संपली. आजूबाजूच्या गावांतली गेलेली माणसं एकेक करून परत आली, कोणी लंगडत, कोणी नवे बूट घालून. आमच्याकडे कोणी आलं नाही, आणि तो गेला असंही कोणी कळवलं नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्या गावात फोटो काढलेला माणूस म्हणजे एक पाटील. मी बापाचा चेहरा आठवायला बसले की काकडी चिरणारा एक हात आठवे, विडीचा वास आठवे. चेहऱ्याच्या जागी काही नसे. म्हणून तो राजा देव्हाऱ्यात आला तेव्हा मी त्याला खुशाल बापाच्या जागी बसवून टाकला. तो राजा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. पण रिकाम्या जागेपेक्षा राजा बरा.

घरात आम्ही तिघं. आबा, माय आणि मी. अमडापूरपासून पायी गाठता येईल असं आमचं गाव, घर गावाच्या कडेला, मागे खळं आणि त्यापलीकडे आमचं वावर. सकाळी डोळा उघडे तो जात्याच्या आवाजाने. शेजारच्या घरांतून दळताना ओव्या ऐकू येत, आमच्या घरातून नुसती घरघर. माय दळताना तोंड उघडत नसे. तव्यावर भाकर टाकताना, आंबाडीची भाजी घोटताना, जवसाची चटणी कुटताना तिच्या चेहऱ्यावर काही हलत नसे. ती रागीट होती असं नाही, दुःखी दिसे असंही नाही. हाताने सगळं चालू आणि आत काही चालू नाही, अशी. मीही तिच्यासारखीच झाले होते. कोणी "बिचारी पोर" म्हणून डोक्यावरून हात फिरवला तर तो हात कधी निघतो याची वाट बघत उभी राही. रडू येत नसे. आजही कोणी गेलं की माझी नात माझ्याकडे चोरून बघते, आजी रडते का म्हणून. बधिर झालेल्या जागेवर चिमटा काढला तर कसं होतं, तसं होतं मला. कुणी काढला ते कळतं, एवढंच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज. डोईवरचा पदर कपाळापर्यंत, आणि बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. घरात तिसरी मीच. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून त्या दोघांमधलं सगळं बोलणं माझ्यातून गेलं. दोघं एकाच ओसरीवर, हातभर अंतरावर असत. आबा म्हणत, "कौसे, तुह्या मायले इचार, भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी टाकली?" माय खाली बघून म्हणे, "कौसे, त्याईले सांग, उद्या अळनी करीन." दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं असे, तरी मी ते पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय पुढचं वाक्य येत नसे. मी गंमत म्हणून एकदा म्हटलंच नाही. मग दोघंही गप्प बसून राहिले आणि कढी निवून गेली.

तो काळच विस्कटलेला होता. आदल्या श्रावणात झेंडा लागला, प्रभातफेऱ्या निघाल्या, मास्तरांनी शाळेतली राजाची तसबीर उतरवली. चावडीतलीही उतरवली, आणि तिची काच चांगली होती म्हणून तिच्यात दुसरं चित्र बसवलं. पण आमच्यापासून थोड्याच कोसांवर निजामाची हद्द लागत होती आणि हद्दीपलीकडे अजून झेंडा नव्हता. तिकडे गावं लुटली जात होती, जळत होती. तिकडची माणसं गाड्या भरभरून इकडे येत होती. आमच्या खळ्यातही दोन बिऱ्हाडं उतरली होती. त्यांची पोरं आमच्या विहिरीवर अंघोळ करत आणि बाया चुलीसाठी तुऱ्हाट्या मागायला येत. त्यांतली एक बाई कोणी विचारल्याशिवायच सांगायची, "मालक मागून येऊन राह्यलेत." असं ती रोज सांगे. माय तिला तुऱ्हाट्या देई.

अशा दिवसांत, राजा जाऊन बरेच महिने झाल्यावर, राजाचा चेहरा आमच्या घरी आला. डाकवाल्याने बापाचं नाव घेऊन हाक मारली तेव्हा मायच्या हातातलं सूप खाली पडलं. पुठ्ठ्याची लहानशी डबी, आत तो गोल तुकडा, रंगीत फितीचा तुकडा आणि एक छापील चिठोरा. आबांनी मास्तरांना बोलावून आणलं. मास्तरांनी चिठोरा उलटासुलटा वाचला आणि म्हणाले, "लढाईत चाकरी केली म्हणून हे पदक दिलंय. नाव श्रीपतचंच आहे."

"अन् तो कुठी हाये ते?"

"ते नाही लिहिलेलं, आबा."

"जिता हाये का नाही ते तरी?"

"तेही नाही. सगळ्यांना एकच छापील मजकूर असतो."

मास्तर गेले. आबा ते पदक तळहातावर घेऊन ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसले. मग मला म्हणाले, "कौसे, मायले सांग. श्रीपत गेला." मी सांगितलं. माय चुलीपुढे होती. ती म्हणाली, "त्याईले इचार, कोन सांगतलं." मी विचारलं. आबांनी पदक वर धरलं. "हे काय सांगून राह्यलं मंग? जित्या मानसाचा टाक कोन घडवते, इचार तिले! राजाले का आपल्यातले रिवाज ठाऊक नसतीन? इतके वर्सं राज केलं त्यानं. मानूस गेला की घरी टाक जाते. आपला पोरगा त्याच्या चाकरीत गेला, तं टाक त्यानंच घडवून धाडला. अन् आपला सोताचा चेहरा कोरून धाडला, म्हंजे सोता दारावर आल्यासारखंच हाये ते."

आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. उलट सगळं नीट जुळत होतं. आबा दुसऱ्या दिवशी चिखलीला सोनाराकडे जाऊन आले. सोनार कसोटीवर घासून म्हणाला, आबा, ह्यात चांदी नाही. आबा म्हणाले, "लढाई होती ना बाप्पा. चांदी कुठून आनंल बिचारा?" आणि पदक घरी आणून, चिंचेने घासून, देवांच्या ओळीत ठेवून दिलं. गावातल्या तरण्या पोरांना कळलं तेव्हा चार-पाच जण टोप्या घालून आले. शाळेतली तसबीर त्यांनी नदीत बुडवली होती, आता हेही द्या म्हणत होते. "आबा, ज्याले हाकललं त्यालेच देव्हाऱ्यात बसवता काय?" आबा दारात काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "राजा कोठी हाये बे इथं? हा माहा पोरगा हाये." पोरं एकमेकांकडे बघत निघून गेली.

खरी अडचण पुढेच होती. आखाजी जवळ आली होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि तो दिवस गेलेल्या माणसांचा. ऐन वैशाखात नवी मातीची घागर आणायची, वाळा घातलेलं पाणी तिच्यात भरायचं, वर खरबूज ठेवायचं, ज्याच्यासाठी भरली त्याचं नाव घ्यायचं. मग पुरणपोळी, आमरस, कुरडया, चिंचवणी, सगळ्यातलं थोडं थोडं निखाऱ्यावर घालायचं. ते त्याला पोचतं. माणूस गेल्यावरची पहिली आखाजी चुकली तर तो वर्षभर तहानेला फिरतो म्हणतात. आबांना दुसरं काही सुचेना. भाकर मोडता मोडता थांबत आणि म्हणत, "लेकरू पान्यावाचून तळमळत असंल." आबा वाईट माणूस नव्हते. त्यांना पोराला पाणी पाजायचं होतं, एवढंच. पण घागर भरायची म्हणजे श्रीपत मेला, आणि श्रीपत मेला म्हणजे मायचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, गळ्यातलं काढायचं. भावकीतल्या म्हाताऱ्या बायांनी तेही ठरवून टाकलं होतं. आखाजीला सकाळी येतो म्हणाल्या, घागरीच्या आधी उरकून टाकू. आणि तो जिवंत असेल तर? जिवंत नवऱ्याचं कुंकू पुसण्यासारखं पाप नाही, असं माय मला एकदाच म्हणाली. मी विचारलं, आबाले सांगू? ती म्हणाली, नको.

त्याच आठवड्यात तुऱ्हाट्या मागायला आलेल्या बाईकडून कळलं की अमडापुरात एक जण लढाईवरून आलेला आहे आणि त्याच्याकडे असंच काहीतरी आहे. मायने बाजाराच्या दिवशी डोक्यावर मिरच्यांची पाटी घेतली, मला बरोबर घेतलं आणि निघाली. मिरच्या विकायच्याच नव्हत्या. आम्ही विचारत विचारत मुसलमानांच्या आळीत गेलो. एरवी तिथे पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज आणि पोरांचा कालवा असायचा. त्या दिवशी दारं ओढून घेतलेली होती. हद्दीपलीकडून आलेली माणसं जे सांगत होती त्याचा राग इथल्या माणसांवर निघेल, ह्या भीतीने आळी गप्प होती. कासम ड्रायव्हर म्हणून हाक मारल्यावर एक दार थोडं उघडलं. उंच, वाळलेला माणूस. मी कोणाची ते सांगितल्यावर त्याने आम्हाला आत घेतलं.

माय त्याच्याशीही माझ्यातूनच बोलायला लागली. तो हसला. "बैन, मी का तुहा सासरा हावो? सिद्धं बोल." मग मायने विचारलं. त्याने लोखंडी पेटी उघडली, तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तोच राजा, तोच मुकुट, मागे तोच सिंह. "हे देख. सेम टू सेम. ठेवाव का फेकाव, समजूनच नाही राह्यलं. इकडचे पोरं मनतीन विंग्रजाचा कुत्रा, अन् आजकाल तं आमाले काहीबी मनतात." मायने ते हातात घेतलं. उलटं करून मागचा सिंह पाहिला. "मंग हे मेलेल्याचंच नसते?"

"मेलेल्याचं? तौबा! मी का भूत हावो? लढाईत होते त्या साऱ्याईले हाये हे. तुह्या श्रीपतले मी वळखत होतो, पन त्याची कंपनी अलग. मागे हटलो तवा लई लोक बिखरले. कोनी जंगलात राह्यलं, कोनाले जपान्याईनं धरलं. काही सांगता येत नाही, बैन."

मायने पदक परत दिलं. तिने त्याच्या बायकोकडे पाणी मागितलं. ती बाई दारात घुटमळली, कारण आमच्यासारख्यांना तिच्या घरचं पाणी चालत नसे, आणि हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. शेवटी तिने तांब्या घासून, भरून दिला. माय उभ्याउभ्याच प्याली आणि उरलेलं मला दिलं. इतकी वर्षं झाली, पण ते पाणी गार होतं हे अजून आठवतं.

मी पाणी पिऊन झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून, कासमला विचारलं, "तुमच्या घरीबी आमच्या डाकवाल्यानंच आनलं काय?" तो पदक फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "नाही पोरी, घरी कोन आनते? सोता छावणीत जा लागते. मी गेलो, सही केली, तवा देलं. जो जिता हाये त्यानं सोता मांगा लागते, अन् ज्याचं घरी धाडतात तो..."

तो तिथेच थांबला. त्याने मायकडे पाहिलं. माय भिंतीकडे बघत होती. कासमच्या बायकोने माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, त्याचा आवाज झाला. मग माय म्हणाली, "कौसे, चाल. ऊन वाढलं."

वाचणाऱ्याने उगाच आशा लावून बसू नये म्हणून इथेच सांगून टाकते. बा आला नाही. त्या वर्षीही नाही आणि पुढेही कधी नाही. त्याचं काय झालं, कुठे झालं, हे सरकारने कळवलं नाही आणि आम्हाला विचारायचं कुठे ते ठाऊक नव्हतं. आता माझी नात म्हणते, आजी, मोबाइलवर सगळ्यांची नावं सापडतात, शोधू का? मी तिला नको म्हणते. ती म्हणते, तुला कळून घ्यायचं नाही का? त्या दिवशी अमडापूरहून परत येताना बाभळीच्या सावलीत माय थांबली, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आबाले इतकंच सांगजो. कासमलेबी भेटलं अन् कासम जिता हाये. बाकी राहू दे." तोवर माझ्याकडे दिलेला निरोप पुरा पोचला नाही असं कधी झालं नव्हतं. हा अर्धाच पोचला. उरलेला अर्धा माझ्या पोटात राहिला, आणि मला वाटतं त्या दिवसापासून मी लहान राहिले नाही.

आबांनी ऐकून घेतलं. थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सांग तुह्या मायले, कासम मुसलमान हाये. त्याईच्यात टाक पुजत नाही. म्हून राजानं त्याले नुसता बिल्ला देला, अन् आपल्याले टाक. राजाले समजते कोनाच्यात काय चालते ते." आबांनी कुंभाराकडे घागर सांगितली.

आखाजीच्या दिवशी सकाळपासून घरात पुरणाचा वास. माय चुलीपुढे पोळ्या लाटत होती आणि तिच्या कपाळावर नेहमीचं ठसठशीत कुंकू होतं. घामाने ते थोडं पसरलं होतं. ओट्यावर भावकीतल्या तीन म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या, तिघी पांढऱ्या कपाळाच्या. त्यांच्यातली थोरली, आबांची चुलतबहीण, पुन्हापुन्हा आत डोकावून म्हणत होती, "आटप वं गिरजे, ऊन चढून राह्यलं." माय पोळी उलथत होती. मी आमरसाला रवी लावत होते आणि मला काही वाटत नव्हतं. तिच्या बांगड्या फुटतील, मग ती पांढऱ्या कपाळाने माझ्या वेण्या घालील, हे सगळं मला माहीत होतं. जवळच्या गावात पाऊस पडतोय असं कोणी सांगावं, तसं ते मला माहीत होतं.

आबांनी देव्हाऱ्यापुढे सारवलं होतं, निखारा आणून ठेवला होता, पदक पाटावर उभं केलं होतं. नवी घागर बाजूला होती आणि भरलेली कळशी त्यांच्या पुढ्यात. पाणी ओतायचं आणि नाव घ्यायचं, एवढंच राहिलं होतं. आबांनी कळशी उचलली. ती तशीच हातात धरून ते बसले. पोराने बापाची घागर भरावी असा नेम. बापाने पोराची भरायची म्हणजे उलटं. त्यांनी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कळशीतलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडायला लागलं.

तेव्हा माय उठली. पिठाचे हात तिने पदराला पुसले, डोईवरचा पदर पुढे ओढला, आबांच्या समोर येऊन बसली आणि त्यांच्या हातातून कळशी काढून घेतली. ओट्यावरची थोरली ओरडली, "अवं, कुकवानिशी कुठी घागर भरते व्हय? आंधी ते पूस!"

मायने त्या बाईकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. मी बोलायला तयार होऊन उभी होते. तिने पदराआडून सरळ आबांकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मामाजी."

आबांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्या घरात तो शब्द उच्चारला गेला नव्हता.

"मामाजी, पानी मी भरीन. तहान लागली असंल त्याईले. गेले असतीन तं हे पेतीन. अन् जिते असतीन तरी तहान तं लागतेच ना जित्या मानसाले? पानी पाजल्यानं कोनी मरत नाही. कुकू मी पुसनार नाही. पुसा असं सांगाले कोनी मानूस आलं नाही माह्या दारात. राजा आला, तं तो कायचा आला? त्यालेच कोनी इचारत नाही आता."

ओट्यावरच्या बाया उठल्या. एकीने कानावर हात ठेवले. त्या निघून गेल्या तेव्हा त्यांच्या पायांचा आवाज मला ऐकू आला, आणि भावकी आता आमच्याकडे जेवायला येणार नाही हेही कळलं. मायने कळशी वाकडी केली. पाणी घागरीत पडायला लागलं. आता नाव घ्यायचं होतं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यातसुद्धा मायने कधी ते घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. तिला कासमच्या घरात काय कळलं ते मला माहीत होतं. ते नाव ती कसं घेईल, रडून घेईल की मनातल्या मनात, मी तिच्या ओठांकडे बघत होते.

तिने ते मोठ्याने घेतलं. "श्रीपत!" मयतावर काढतात तसा तो आवाज नव्हता. वावराच्या पार पलीकडच्या बांधावर असलेल्या माणसाला जेवायला हाक मारतात, तशी हाक होती ती. आणि आबांनी झटक्यात मान वळवून दाराकडे पाहिलं. मायने पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही तिघंही दाराकडे बघत राहिलो, आणि घागर भरून पाणी पाटाखाली वाहत गेलं तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग आबा डोळे न पुसता म्हणाले, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाले, "निखारा इझव, सूनबाई. त्याचं ताट पाटावर वाढ."

मायने उरलेलं पाणी निखाऱ्यावर टाकलं. चर्रर्र आवाज झाला, धूर झाला. मी रवी हातात धरून तशीच उभी होते. कोणाचं काही कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं. तेव्हा कुठे मला रडू फुटलं, आणि दोघांपैकी कोणीही मला गप्प केलं नाही.